सही आहे, शेरा नाही

रत्नागिरीतल्या एका सहकारी पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. संस्थेचं नाव घेत नाही. बाहेर पाऊस, आत पंख्यांची घरघर. विषयपत्रिकेवर पाचवा विषय होता, लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "अहवाल सर्वांना मिळालेला आहे. तो वाचला असे समजण्यात यावे का?" पुढच्या दोन रांगांतून "मंजूर, मंजूर" आलं आणि सभा सहाव्या विषयाकडे वळली.

त्या अहवालात लेखापरीक्षकाने चार ओळींचा शेरा लिहिला होता. तारण अपुरं, कर्जदार संचालकांच्या नात्यातले, वसुलीची कारवाई नाही. तो शेरा मला पाठ होता, कारण ज्या वह्यांतून तो निघाला त्या मीच लिहिल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उठलो नाही. पुढे संस्थेच्या दारात ठेवीदारांची रांग लागली. त्या रांगेतल्या मिरकरवाड्याच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, वह्या तुम्ही लिहीत होतात ना? मग तुम्हाला ठाऊक होतं." मी काही बोलू शकलो नाही. आजही त्याला माझ्यापाशी उत्तर नाही.

छत्तीस वर्षं कीर्द-खतावणीत घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. हिशेब जाणणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या सहीत नसते, शेऱ्यात असते. बेरीज-वजाबाकी कोणालाही शिकवता येते. आकडा खोटा आहे, भोक इथे आहे, पैसा या वाटेने गेला, हे लिहून त्याखाली आपलं नाव घालणं, आणि सभेत कोणी वाचत नसेल तर उभं राहून ते मोठ्याने वाचणं, हे त्या माणसाचं खरं काम. ते करत नसेल तर त्याचं ज्ञान चोराच्याच उपयोगी पडतं. जाणत्याची सही खाली आहे, एवढं पाहून लोक निर्धास्त होतात.

हे मोजमाप घेऊन मला आमच्या भागाने दिल्लीला पाठवलेल्या सनदी लेखापालाकडे पाहायचं आहे. सुरेश प्रभू. त्यांची कोकणात स्तुती होते ती 'हुशार, सज्जन, स्वच्छ' एवढ्यावर थांबते, आणि निंदा होते ती 'जनसंपर्क नाही' एवढ्यावर. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. स्तुतीत आळस आहे आणि निंदेत क्षुद्रपणा आहे.

आधी जमेची बाजू, आणि ती पुरी लिहितो. राजापूर मतदारसंघाची परंपरा मोठी. १९५७ पासून तिथे बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधू दंडवते. त्याच जागेवरून १९९६ साली शिवसेनेचे प्रभू निवडून आले. व्यवसायाने सीए, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. पुढे १९९८, १९९९ आणि २००४ असे आणखी तीनदा. वाजपेयींच्या सरकारांत उद्योग, पर्यावरण, रसायने आणि खते, मग सप्टेंबर २००० मध्ये ऊर्जा खातं. एवढी खाती हाताळली, पण गैरव्यवहाराचा डाग त्यांच्या नावाला लागला नाही. ही गोष्ट लहान नाही.

ऊर्जा खात्यात त्यांच्यातला लेखापाल खरोखर कामाला लागला. राज्यांची वीज मंडळं तेव्हा कंगाल झाली होती. वीज कुठे जाते याचा पत्ता नसायचा. 'वहनातील गळती' या शब्दाखाली तारेत जिरलेली वीज आणि आकडा टाकून चोरलेली वीज एकत्र लिहिली जायची. कोणत्याही हिशेबनिसाला कळतं की दोन वेगळी खाती एका नावाखाली घातली की चोरी झाकते. नव्या वीज कायद्याचं विधेयक प्रभूंनी २००१ मध्ये लोकसभेत मांडलं. त्यातून आलेला २००३ चा कायदा मीटरशिवाय वीज द्यायची नाही असं सांगतो. मीटर म्हणजे विजेची वही. वही ठेवा, मग भांडा, असा तो विचार होता. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ मध्ये त्यांच्याच काळात झाला आणि त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो उभा राहिला. आज तुमच्या फ्रिजवर जे तारे छापलेले दिसतात, ते त्याच ब्यूरोचे.

आणि नेमकं हे चालू असताना, ऑगस्ट २००२ मध्ये, पक्षप्रमुखांनी सांगितलं म्हणून या माणसाने राजीनामा दिला. संसदेने त्यांच्यावर अविश्वास दाखवला नव्हता, पंतप्रधानांनी नापसंती जाहीर केली नव्हती, खात्यात घोळ निघाला नव्हता. त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे अनंत गीते आले, जे तेव्हा आमच्या रत्नागिरी मतदारसंघाचे खासदार होते. कारणांबद्दल त्या काळात बरंच छापून आलं. त्यातलं मी इथे काही लिहिणार नाही. ज्याला व्हाउचर नाही त्याची नोंद मी करत नाही. जे सगळ्यांसमोर घडलं ते पुरेसं आहे. देशाचा ऊर्जामंत्री देशाला कारण न देता बदलला गेला.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. तो जितका पक्षावर आहे, तितकाच प्रभूंवर आहे. कुठल्याही कंपनीत लेखापरीक्षक मुदतीआधी बदलला तर जाणारा माणूस काय म्हणतो हे विचारायची रीत आहे. जुन्या लेखापरीक्षकाला विचारल्याशिवाय नव्याने काम हाती घ्यायचं नाही, हा सीएंच्या व्यवसायाचा नियम आहे. जाताना त्याने बोलावं, म्हणजे भागधारकांना कळेल, अशी त्यामागची योजना. ऊर्जा खात्याचे भागधारक आम्ही होतो. अंधारात बसणारे, वाढीव बिलं भरणारे. आम्हाला प्रभूंनी काय सांगितलं? राजीनामा दिला, शिस्त पाळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नदीजोड प्रकल्पाच्या कृती दलाचं अध्यक्षपद घेतलं. ती शिस्त पक्षाची होती. लेखापालाची शिस्त त्या दिवशी मोडली गेली.

अशा गप्प बसण्याची आम्हा रत्नागिरीकरांना जबर किंमत मोजावी लागली आहे. एन्रॉनचं नाव इथे काढावंच लागतं.

गुहागर तालुक्यातलं अंजनवेल-वेलदूर. समुद्राच्या कडेला, वाशिष्ठीच्या मुखाशी. तिथे अमेरिकेतल्या एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी १९९३ साली महाराष्ट्र वीज मंडळाने करार केला. करार असा की वीज घ्या अथवा न घ्या, पैसे मोजा. इंधनाचा दर परकी चलनात, म्हणजे रुपया पडला की बोजा आमचा. १९९५ मध्ये प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर युतीचं सरकार आलं, त्याने करार रद्द केला, आणि काही महिन्यांत पुन्हा बोलणी करून आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाला होकार दिला. मग या नव्या करारासाठी केंद्राची प्रतिहमी लागली. म्हणजे मंडळाने पैसे दिले नाहीत, राज्यानेही दिले नाहीत, तर देशाची तिजोरी भरेल अशी लेखी हमी. ती कोणी दिली? वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने. २८ मे १९९६ ला वाजपेयींनी लोकसभेत राजीनामा जाहीर केला, आणि आदल्या दिवशी, विश्वास मिळण्याआधीच, मंत्रिमंडळाने ही प्रतिहमी मंजूर केली.

त्या छोट्या मंत्रिमंडळात उद्योगमंत्री होते सुरेश प्रभू. मंत्रिमंडळाचा निर्णय सामूहिक असतो, म्हणजे सर्वांची सही त्यावर धरली जाते. पहिल्यांदा निवडून आलेला खासदार, मंत्री होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत, हे मी जमेस धरतो. पण त्या खोलीत पुढच्या कित्येक वर्षांच्या देण्याचा आजचा आकडा काय होतो हे कागदावर मांडू शकणारा माणूस तोच होता. आणि ज्या गावांवर तो प्रकल्प बसणार होता ती गावं त्याच्या मतदारसंघाच्या शेजारची होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९७ मध्ये वेलदूरच्या बायकांना पोलिसांनी घरातून फरफटत बाहेर काढलं. त्यावर जगातल्या मानवाधिकार संघटनांनी अहवाल लिहिले. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणं बंद केलं. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी कराराची चिरफाड केली. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनच कोसळली. ती कशाने कोसळली? खोट्या हिशेबाने. तोटा बाजूच्या कंपन्यांच्या वह्यांत लपवून ठेवला होता, आणि आर्थर अँडरसन या जगातल्या पाच बड्या लेखापरीक्षक कंपन्यांपैकी एकीने वर्षानुवर्षं त्या ताळेबंदाखाली सही केली होती. सही होती, शेरा नव्हता. तिकडे ह्यूस्टनमध्ये लोकांची निवृत्तीची पुंजी बुडाली, इकडे अंजनवेलची यंत्रं थंड पडली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी करून ते ओझं उचललं, म्हणजे तुम्ही आणि मी उचललं.

आता कोणी विचारेल, एका मंत्र्याने काय करावं? एकटा माणूस व्यवस्थेपुढे काय बोलणार? याचं उत्तर मला लांब शोधायला जावं लागत नाही. ते त्याच गुहागर तालुक्यात आहे. अंजनवेलपासून फार दूर नसलेल्या कोतळूकमध्ये १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. गणिताचे शिक्षक, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस. लेखापालाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण हिशेब वाचायची नजर होती.

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयचं कायदे मंडळ. कर्झन अध्यक्षस्थानी. सरकारने सलग कित्येक वर्षांची शिल्लक दाखवली होती आणि बाकीचे सभासद अभिनंदन करत होते. मंडळात निवडून गेलेल्यांची संख्या किरकोळ, अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकार कोणालाच नाही. गोखले उठले आणि त्यांनी त्या शिल्लकीवरच शेरा मारला.

मुद्दा साधा होता. रुपयाची किंमत घसरत घसरत तेरा पेन्सांपर्यंत आली तेव्हा लंडनला पाठवायची रक्कम भागत नव्हती, म्हणून सरकारने कर वाढवले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. लंडनला पाठवायला कमी रुपये लागू लागले. मग वाढवलेले कर उतरायला हवे होते. ते उतरवले नाहीत, म्हणून शिल्लक दिसली. देशात दुष्काळ, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती, आणि सरकारी वहीत शिल्लक. गोखल्यांनी सांगितलं की ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हे. जेवढे घ्यायला हवे त्याहून जास्त पैसे गरिबाकडून घेतल्याची ती खूण आहे. आकडे जमवायला सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारखा शाळामास्तर पाठीशी होता. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि काही वर्षांत एक रुपयावर. मत नव्हतं, सत्ता नव्हती, पक्ष पाठीशी नव्हता. तरीही त्या माणसाने उभं राहून साम्राज्याचा ताळेबंद वाचून दाखवला.

म्हणून 'एकटा माणूस काय करणार' हे वाक्य मी रत्नागिरीच्या मातीत ऐकून घेत नाही.

हे लिहिताना माझं बोट एका मंत्र्याकडे असेल तर तीन बोटं आपल्याकडे आहेत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर हे नाव गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं. २००९ मध्ये आम्हा रत्नागिरी शहरातल्या मतदारांसमोर प्रभूंचं नाव पहिल्यांदा आलं. कोकणाने त्यांना ४६ हजारांहून अधिक मतांनी पाडलं. निवडून आले निलेश राणे, ज्यांचे वडील तेव्हा राज्याच्या मंत्रिमंडळात होते. मी त्या निवडणुकीत नाक्यानाक्यावर लोकांचं बोलणं ऐकलं आहे. ऊर्जा कायद्याचा विषय कोणी काढला नाही. २००२ मध्ये तुम्हाला का काढलं, तुम्ही का गप्प बसलात, हे कोणी विचारलं नाही. लोक विचारत होते, हा माणूस आमच्या वाडीत किती वेळा आला? बाराव्याला आला का? मुलाला नोकरी लावतो का? पाखाडीला निधी दिला का?

यात नवीन काही नाही. दंडवत्यांनी कोकण रेल्वेसाठी आयुष्य घातलं. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. आणि १९९१ मध्ये राजापूरने त्यांनाच घरी बसवलं. आज गणपतीला त्याच गाडीने येणारा चाकरमानी त्यांचं नाव काढत नाही. लोकसभेच्या मतपेटीला आपण ग्रामपंचायतीची मतपेटी करून टाकलं आहे. हिशेब मांडणारा माणूस आपल्याला नको असतो, कारण हिशेब मांडणारा कधीतरी आपल्याकडेही वळून विचारेल की वीजबिल थकलंय का, सातबारा खरा आहे का, कर्ज कशासाठी घेतलं होतं. गैरसोयीचा माणूस आपण पाडतो आणि मग पाच वर्षं विकास नाही म्हणून रडतो.

पण त्या पराभवातून प्रभू जे शिकायला नको होतं तेच शिकले, असं मला वाटतं. ९ नोव्हेंबर २०१४ ला ते भारतीय जनता पक्षात गेले आणि त्याच दिवशी केंद्रात मंत्री झाले. रेल्वे खातं मिळालं. राज्यसभेवर गेले ते आधी हरियाणातून, मग आंध्र प्रदेशातून. म्हणजे ज्या मतदारांपुढे उभं राहून उत्तर द्यायचं, असा मतदार त्यांना उरलाच नाही. लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारकांच्या सभेने केली तर तो भागधारकांना बांधील असतो. मालकाने केली तर मालकाला. हा साधा नियम राजकारणालाही लागू आहे.

रेल्वेतली सुरुवात उत्तम होती, तेही लिहितो. फेब्रुवारी २०१५ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांनी एकही नवी गाडी जाहीर केली नाही. आपापल्या मतदारसंघाला गाड्या वाटायची अनेक दशकांची खैरात एका दिवसात थांबवली. त्यासोबत श्वेतपत्रिका काढली. रुळांवर क्षमतेपेक्षा जास्त गाड्या, गुंतवणुकीचा दुष्काळ, देखभालीची उधारी, हे सगळं पांढऱ्यावर काळं केलं. पाच वर्षांत ८ लाख ५६ हजार कोटींच्या गुंतवणुकीचा आराखडा मांडला. रेल्वेच्या हिशेबाची पद्धत बदलायला घेतली. नुसत्या रोखीच्या नोंदीऐवजी कोणती मालमत्ता किती झिजली हेही वहीत दिसावं म्हणून अजमेर विभागात प्रयोग सुरू केला. हे फक्त सीएलाच सुचतं. आणि कोकणात रोहा ते वीर दुहेरीकरण आणि संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण त्यांच्या काळात सुरू झालं. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे.

पण ती श्वेतपत्रिका आधीच्या सरकारांच्या वह्यांवर होती. दुसऱ्याच्या वहीवर शेरा मारायला धैर्य लागत नाही. स्वतःच्या पेढीच्या वहीवर मारावा लागतो तेव्हा कस लागतो. त्या कसोटीवर काय झालं ते पाहा.

घसारा म्हणजे काय हे मिरकरवाड्यातल्या कोणत्याही नाखव्याला विचारा. होडीचं लाकूड दर पावसाळ्यात थोडं कुजतं. शहाणा माणूस दर हंगामाच्या कमाईतून काही रक्कम बाजूला ठेवतो, कारण एक दिवस फळी बदलायची आहे. जो ठेवत नाही त्याचा नफा वहीत मोठा दिसतो आणि होडी समुद्रात फुटते. रेल्वेचाही असा घसारा निधी असतो, जुने रूळ, जुने डबे बदलायला. त्यात टाकायची रक्कम त्या वर्षांत वाढायच्या ऐवजी घटत गेली. तरीही शंभर रुपये कमवायला लागणारा खर्च २०१५-१६ मध्ये साडेनव्वद रुपये होता, तो २०१६-१७ मध्ये साडेशहाण्णववर गेला. २०१७-१८ मध्ये ९८.४४. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत मंत्री होते सीए सुरेश प्रभू, त्यानंतर सीए पीयूष गोयल. आणि देशाच्या महालेखापरीक्षकांनी लिहिलं की एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून भाड्याची आणि कामांची आगाऊ रक्कम उचलून तो आकडा शंभराच्या आत राखला आहे, नाहीतर तो १०२.६६ झाला असता. पुढच्या वर्षाचं उत्पन्न या वर्षात दाखवणं ही कोणत्याही किराणा दुकानात पकडली जाणारी युक्ती आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या वाहतूक संस्थेत ती चालली, आणि त्या वर्षात तिच्या शिरावर ओळीने दोन सनदी लेखापाल होते. मला याचा संताप येतो. माझ्या व्यवसायाची लाज निघाली असं मला वाटतं.

याच काळात रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही बंद झाला. १९२४ पासूनची प्रथा. सप्टेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ फेब्रुवारी २०१७ ला रेल्वे सर्वसाधारण अर्थसंकल्पात विरघळली. प्रभू त्याच्या बाजूने होते. रेल्वेने केंद्राला द्यायच्या लाभांशाचा बोजा गेला हे खरं. पण वर्षातून एक दिवस सारा देश रेल्वेची वही उघडी पाहायचा, तो दिवसही गेला. वही मिटायला लेखापालाने हात लावावा, हे माझ्या मनाला पटत नाही.

मग रूळ बोलू लागले. २० नोव्हेंबर २०१६, कानपूरजवळ पुखरायां. इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ ऑगस्ट २०१७, खतौली. रुळाची दुरुस्ती चालू असताना गाडी थांबवायची परवानगीच घेतलेली नव्हती, आणि उत्कल एक्स्प्रेस भरधाव आली. चारच दिवसांत औरैयाजवळ कैफियत एक्स्प्रेस. प्रभूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली, पंतप्रधानांना भेटले, थांबायला सांगितलं गेलं, थांबले. ३ सप्टेंबरला खातं बदललं आणि ते वाणिज्य मंत्री झाले. नंतर विमान वाहतूकही त्यांच्याकडे आली. २०१९ मध्ये मंत्रिमंडळातून नाव गेलं. जी-२० साठी पंतप्रधानांचे शेर्पा राहिले, तेही पुढे गेलं. जून २०२२ मध्ये राज्यसभेची मुदत संपली.

जबाबदारी स्वीकारली याचं सर्वांनी कौतुक केलं. मी करत नाही. जबाबदारी स्वीकारणं म्हणजे 'चूक माझी' म्हणून खुर्ची बदलणं नव्हे. सुरक्षेसाठी त्यांनी अर्थ मंत्रालयाकडे सुमारे १ लाख १९ हजार कोटींचा निधी मागितला होता. पैसे वेळेत आले नाहीत, रूळ बदलले गेले नाहीत, असं त्यांना वाटत होतं तर ते त्या दिवशी संसदेत आकड्यांनिशी सांगायचं होतं. किती किलोमीटर रूळ मुदत उलटलेले आहेत, किती बदलले, बाकीचे का राहिले, पैसे कोणी अडवले. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा लेखापरीक्षण अहवाल झाला असता. खतौलीत मेलेल्या माणसांचं ते देणं होतं.

मागितलेला तो निधी 'राष्ट्रीय रेल संरक्षा कोष' या नावाने एक लाख कोटींचा झाला. आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात लिहिलेलं आहे की या सुरक्षेच्या पैशातून पायांना मालिश करणारी यंत्रं, कपबश्या, फर्निचर, जॅकेटं घेतली गेली. ज्याने तो निधी मागितला त्या माणसाचा आवाज या बातमीनंतर सगळ्यांत वर यायला हवा होता. तेव्हा ते मंत्री नव्हते, खासदारही नव्हते. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो आवाज मी तरी ऐकला नाही.

मला माहीत आहे, यावर लोक पक्षशिस्तीचं नाव काढतील. त्यांना चिंतामणराव देशमुखांची आठवण करून देतो. महाडजवळच्या नाते गावचा माणूस. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मग नेहरूंचा अर्थमंत्री. आकड्यांचा माणूस, जन्मभर सरकारी शिस्तीत वाढलेला, लोकांत मिसळायचा स्वभाव नाही. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावर आणि मुंबईतल्या गोळीबारावर त्याने पद सोडलं, आणि का सोडतो ते लोकसभेत उभं राहून नेहरूंच्या तोंडावर सांगितलं. राजीनामा असा असतो. कारणासकट. शेऱ्यासकट.

आज कोकणात पाहा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तारखा दिल्या जातात आणि उलटून जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. दर वर्षी त्याच खड्ड्यांत माणसं मरतात. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्ग २०१६ च्या अर्थसंकल्पात आला, रूळ अजून पडायचे आहेत. कोणत्या ठेकेदाराला किती दिले, किती काम झालं, मुदतवाढ किती वेळा आणि कोणाच्या सहीने, हा साधा ताळेबंद कोणत्याही पक्षाच्या खासदाराने आमच्यासमोर ठेवलेला नाही. आम्हीही मागितलेला नाही. निवडणुका २०१४, २०१९, २०२४ अशा येऊन गेल्या. आम्ही फक्त 'मंजूर, मंजूर' म्हणालो.

म्हणून सांगतो, यापुढे कोणी 'उमेदवार उच्चशिक्षित आहे, सीए आहे, स्वच्छ आहे' असं सांगत दारात आला तर हुरळून जाऊ नका. स्वच्छ माणूस हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. त्याला विचारा, तू ज्या ज्या सभेत बसलास त्यात विरोधी मत कधी नोंदवलंस? तुझ्या पक्षाच्या कोणत्या आकड्यावर तू शेरा मारलास? तुला काढलं तेव्हा आम्हाला कारण सांगितलंस का? याला उत्तर नसेल तर त्याची हुशारी आपल्या कामाची नाही. ती त्याला नेमणाऱ्याच्या कामाची आहे. प्रभूंसारखा माणूस बोलला असता तर त्याचं वजन पडलं असतं, हेच माझं दुःख आहे. अडाण्याचं गप्प बसणं कोणाला फसवत नाही. जाणत्याचं गप्प बसणं सगळ्यांना फसवतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी दुसऱ्या एका संस्थेच्या वार्षिक सभेला गेलो. आता मी वह्या लिहीत नाही, साधा सभासद आहे. लेखापरीक्षण अहवालाचा विषय आला. अध्यक्षांनी तेच वाक्य म्हटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही. वाचला असे समजू नये. वाचावा." पुढच्या रांगेतले दोघे वळून बघू लागले, कोणीतरी मागून म्हणालं की जेवण थंड होतंय. मी बसलो नाही. शेवटी सचिवांना शेऱ्याची पानं काढावी लागली, आणि पाऊण तास लागला, पण ते एकेक वाक्य त्यांनी माइकवरून वाचलं. मागच्या रांगेत कोळीवाड्यातल्या बायका होत्या. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.